फाटकावरची बाई

"काका, कॅमेऱ्याची ही मागची पाठ बदलल्याशिवाय रोल बसायचा नाही," दुरुस्तीवाली म्हणाली. "तुमच्या सुट्या फिल्मची पातळ चौकट काचेखाली सरकायची. हा रोलचा डबा केवढा जाड! तो कसा शिरणार तिथे?"

म्हाताऱ्या छायाचित्रकाराने मान डोलावली. वर्तमानपत्राच्या नोकरीत तीस वर्षं त्याने हाच कॅमेरा वागवला होता. पण त्याच्या मापाच्या सुट्या फिल्म बाजारातून केव्हाच उठल्या होत्या. रोल तेवढा मिळत होता.

"त्यापेक्षा नवा घ्या की. हलका, सुटसुटीत."

"नाही. याच कॅमेऱ्याने काढायचाय. एकच फोटो."

"कुणाचा एवढा?"

त्याने पाकिटातून पिवळं पडलेलं कात्रण काढलं. अपघात झालेल्या खाणीचं फाटक, भोवती गर्दी, आणि फाटकाचे गज गच्च धरून ओक्साबोक्शी रडणारी एक तरुण बाई. खाली छापलं होतं, 'धन्यासाठी टाहो'.

"अगंबाई, हा तुमचा? आमच्या शाळेच्या भिंतीवर होता!"

फोटो खूप गाजला होता. पण त्या दिवशी अंक निघायची घाई होती. एकदा बटण दाबून तो पळत सुटला. तिचा माणूस खाणीतून वर आला की खालीच राहिला, हे विचारायचं राहून गेलं. ती रुखरुख अडतीस वर्षं त्याला पोखरत होती.

आणखी एक गोष्ट त्याने कुणालाच सांगितली नव्हती. त्याला स्थळं आली आणि गेली. मुलगी पाहताना दर वेळी मनात यायचं, ही माझ्यासाठी अशी रडेल? तशी कुणी वाटलीच नाही. लग्न राहिलं ते राहिलंच. बहीण म्हणायची, "दादा, तू कात्रणाशीच संसार कर."

"सापडल्या का पण त्या?" दुरुस्तीवालीने विचारलं.

"सापडल्या. या म्हणून पत्र आलंय. आता त्यांचा हसरा फोटो काढायचाय."

दुरुस्तीवालीने स्प्रिंगची जुनी पाठ उतरवली. दुसऱ्या पाठीवर पितळेच्या दोन सरकत्या पट्ट्या कानशीने घासून घासून बसवल्या, उजेड आत शिरू नये म्हणून कडेने काळी मखमल चिकटवली. डबा ठेवून पट्ट्या सरकवल्या. टक्! डबा घट्ट बसला.

"आठ फोटो निघतील. आधी काचेवर बघून नेम धरा, मग काच काढून डबा लावा. आणि डब्यातला फिल्म झाकणारा हा पत्रा ओढायला विसरू नका, नाहीतर आठही कोरे."

"बाई, तुमच्या जन्माआधीपासून फोटो काढतोय मी."

"म्हणून तर सांगते. पट्टीचे पोहणारेच बुडतात."

शनिवारी दुपारी त्या बाईने दार उघडलं. केस पांढरे झाले होते, पण त्याने डोळे लगेच ओळखले. त्याने तिला खिडकीपाशी बसवलं, नेम धरला, डबा चढवला, पत्रा ओढला. शेवटी प्रश्न तोंडून निघालाच.

"त्या दिवशी तुमचे यजमान... वर आले?"

"आले की. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता."

त्याच्या छातीवरची धोंड उतरली. "आणि पुढे?"

"पुढे एकोणीस वर्षं संसार केला."

"मी फोटो काढला तेव्हा तुम्हाला कळलं होतं, ते जिवंत आहेत म्हणून?"

"हो. मेलेल्यांची यादी नुकतीच वाचून झाली होती. त्यात ते नव्हते."

"म्हणजे ते आनंदाश्रू होते!" तो खुदकन हसला. "आणि आम्ही शहाण्यांनी खाली काय छापलं! आता हसा बघू."

ती हसली नाही. खिडकीबाहेर बघत राहिली.

"मुकादमाला मी ती यादी तीनदा वाचायला लावली," ती म्हणाली. "दर वेळी मनात एकच, आता तरी यांचं नाव येऊ दे."