पहिला फटका

इंजिन थंड ठेवणारी नळी बदलल्याशिवाय उड्डाण क्लबचं इंजिनवालं ग्लायडर विमान उडवायचं नाही, असा विमान खात्याचा सक्तीचा हुकूम आला होता. दुरुस्ती बघणाऱ्या हार्टविगने गुरुवारीच दुरुस्तीच्या वहीत 'बदलली' लिहून सही ठोकली. शनिवारी सकाळी बदलू, तोवर कोण उडवतंय!

शनिवारी नवी नळी खिशात घालून तो मैदानावर आला, तर ग्लायडर आभाळात. आत एकोणीस वर्षांची फ्राउके, आयुष्यात पहिल्यांदा एकटी.

"वहीत तुझी सही दिसली, मग डोळे झाकून सोडलं तिला," शिकवणारी इर्मगार्ड म्हणाली. हार्टविगने खिशातली नळी चाचपली आणि आभाळाकडे डोळे लावले.

फ्राउके सुखरूप उतरली. पहिल्यांदा एकट्याने उडून येणाऱ्याचा रिवाज ठरलेला: तिच्या हातात काटेरी फुलांचा गुच्छ दिला, ती ओणवी झाली आणि पार्श्वभागावर एकेक फटका द्यायला सगळे खिदळत रांगेत उभे राहिले.

"हार्टविग, ग्लायडर ठणठणीत ठेवतोस तू. पहिला मान तुझा, हाण!" इर्मगार्ड ओरडली.



त्याने खिशातली कोरी नळी काढून इर्मगार्डच्या हातात ठेवली, आणि फ्राउकेच्या शेजारी स्वतःच ओणवा झाला.