बोंबील सुकेपर्यंत

तंबू स्वस्तात मिळतोय म्हणून शहरातल्या बेव्हर्ली पार्कमधला पराग ऐन मे महिन्यात पक्षी बघायला चौक गावच्या किनाऱ्यावर आला. टोपीत पाला खोचून, गळ्यात दुर्बीण अडकवून तीन दिवस पुतळ्यासारखा बसला, पण साधा कावळाही फिरकला नाही. शेजारी बोंबील वाळत घालणारी इंदुबाई मात्र त्याला दोन्ही वेळ आग्रहानं जेवायला घालत होती.

चौथ्या दिवशी तो वैतागून तंबू गुंडाळू लागला.

"मावशी, जातो मी. इथे एक पक्षी येत नाही!"

"आरं, तू हायेस म्हनून तर येत न्हाय! उरलेले बोंबील सुकेपर्यंत तरी बस. फक्त मधूनमधून हात हलव."

परागनं चिडून हात झटकला. लांबच्या सुरूच्या झाडावरून एक बगळा घाबरून उडाला.

परागनं तंबू खाली टाकला आणि पक्ष्यांच्या नोंदींची कोरी वही काढली.