लांबचं की जवळचं?

"मोतीबिंदू आहेच, शिवाय बुबुळाचा आकार वाकडा. त्यासाठी टोरिक लेन्स बसवू," डॉक्टर म्हणाले. "चष्म्याशिवाय लांबचं दिसायला हवं की जवळचं?"

"जवळचं. ती पोथी वाचते," दिगंबरराव परस्पर म्हणाले.

"लांबचं!" कमलिनीबाई ठासून म्हणाल्या. "समोरच्या गॅलरीतल्या बाईला मी हात करते, तर ती ढिम्म उभी! आता मीही तोंड फिरवते. तिचा चेहरा एकदा बघायचाय."

ऑपरेशननंतर पट्टी निघताच कमलिनीबाई आपल्या गॅलरीत गेल्या. समोरच्या गॅलरीत फुलाफुलांचं कव्हर घातलेलं वॉशिंग मशीन होतं, त्यावर उपडी बादली.

दिगंबरराव हसून हसून खाली बसले. तेवढ्यात समोरच्या दारातून खरीखुरी बाई आली आणि तिने हसून हात केला.

कमलिनीबाईंनी सवयीने तोंड फिरवलं. मग जीभ चावून दोन्ही हात हलवले.