पत्र्यापलीकडची बारा कोकरं

ताणकाट्याचा काटा तेवीसवर थांबला आणि सुनेने तो पुन्हा एकदा वाचला. झोळीत लटकणारं कोकरू सासऱ्याच्या कप्प्यातलं होतं. ते फार तर वीस किलो भरायला हवं होतं.

दाराशी खाटीक टेम्पोला टेकून उभा होता. शर्त त्याच्यासमोरच लागलेली. गोठ्यात मधोमध पत्रा ठोकायचा, अलीकडे सुनेची बारा कोकरं, पलीकडे सासऱ्याची बारा. सून आपल्यांना सोयाबीनची पेंड घालणार, वर क्षारांसाठी गोणीतली राखाडी खनिज माती. सासरा आपल्यांना नुसता वाळका चारा. साठ दिवसांनी सुनेची कोकरं सरासरी तीन किलोंनी पुढे असली तर एकही विकायचं नाही, कळप तिने वाढवायचा. नसली तर चोवीसच्या चोवीस टेम्पोत.

"माती खाऊन कोणी पैलवान झालंय का?" म्हाताऱ्याने तेव्हा विचारलं होतं. वर बजावलंही होतं, की माझ्या कप्प्यात पाऊल टाकायचं नाही. तिने टाकलं नव्हतं. आता वाटत होतं, निदान डोकावायला तरी हवं होतं.

पुढचं कोकरू साडेबावीस. त्याच्या पुढचं तेवीसला जरासं कमी. तिची स्वतःची सकाळीच मोजून झाली होती, सरासरी तेवीस. म्हणजे सगळं मुसळ केरात. ती आकडे मोठ्याने वाचत होती. सासरा मात्र गप्प. एरवी त्याच्या तोंडाचा पट्टा थांबत नसे, आणि आज जिंकत असताना मिशीला पीळसुद्धा नाही.

शेवटचं कोकरू झोळीत चढलं तेव्हा खाटकाने टेम्पोचं फळकं खाली सोडलं. सुनेने कोकरू उतरवलं, तर ते तिच्या तळहातावर तोंड घासू लागलं. हाताला राखाडी चिखल लागला. ती बघतच राहिली. मग तिने बाजूच्या दुसऱ्या कोकराची हनुवटी वर केली. तीही राखाडी.

"मामंजी, ही माझ्या गोणीतली माती."

म्हाताऱ्याने ते कोकरू जवळ ओढलं आणि हाताने त्याची हनुवटी पुसली.

"गोण्या भराभर संपत होत्या. मला वाटलं, माझाच हात सैल आहे. पेंडही घातलीत ना?" तिने राखाडी हात त्याच्यासमोर धरला. "मला हरवायला एवढं केलंत?"

"हरवायचं असतं तर तुझ्यांच्या तोंडची काढली असती," म्हातारा म्हणाला. "माझ्यांना कशाला घातली असती?"

तिने धरलेला हात खाली घेतला.

"तुझी पत्र्याच्या त्या बाजूला उड्या मारायची," तो खालच्या आवाजात म्हणाला, "आणि माझी इकडे भिंत चाटत बसायची. बघवेना."

खाटकाने घसा खाकरला. "ते तुमचं घरचं तुम्ही बघा. शर्त तर तुम्हीच जिंकलात. चढवू ना?"

म्हातारा गुडघ्यावर हात देऊन उठला. टेम्पोपाशी गेला, फळकं उचललं आणि दोन्ही कड्या घातल्या.

"आज नाही," तो म्हणाला. "माझ्यांना पेंड दहा दिवस उशिरा सुरू केली मी. तेवढे दिवस तरी खाऊ देत."