पाच तिसऱ्या

जिमखान्याच्या कुंपणाबाहेर वरळीची कोळीण पुतळाबाई तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची पाटी उतरवून बसली होती. आत तिचा मुलगा धर्मा साहेबाशी टेनिस खेळत होता. तीन वर्षं त्यानं साहेबाला नुसते सरावाचे चेंडू परतवले. गुण मोजून खेळायची पाळी आजच आली होती. जिंकला तर शिकवणारा म्हणून कायम होणार होता. फाटकावरचा दौलत धर्माचा आकडा ओरडायचा, पुतळाबाई तेवढ्या तिसऱ्या मोजून फडक्यावर टाकायची. “पंधरा!” पंधरा पडल्या. “तीस!” आणखी पंधरा. टाळ्या ऐकून तिनं पुन्हा पंधरा टाकल्या, तर दौलत ओरडला, “चाळीस!” ती ताडकन उठली. “पंचेचाळीस झाले! माज्या पोराचे पाच कोनी खाल्ले?” “टेनिसात असंच मोजतात, मावशे.” “साहेबाचे पन पाच कापतात?” “कापतात तर.” पुतळाबाई खाली बसली. पाच तिसऱ्या तिनं स्वतःच उचलून पाटीत टाकल्या. “मंग जिकंल माजा पोर.”