रोजची दोन मिनिटं

"आये, जेवलीस का?"

"जेवले. तू?"

"जेवतो आता. गोळी घेतली?"

"घेतली. शेळी व्याली आज. दोन करडं झाली."

"बरं झालं. ठेवतो मग."

"ठेव, लेकरा."

छगननं मोबाईल खिशात टाकला आणि उसाचा ट्रॅक्टर रांगेत चार हात पुढं घेतला. हंगामात कारखान्याच्या दारातून, एरवी कुठंतरी रस्त्याच्या कडेला उभं राहून, दोन वर्षं रोज संध्याकाळी सातला तो हा फोन करी. मागं गाड्यांचा गोंगाट असे, आवाज धड पोचत नसे. त्याला ते बरंच वाटे.

म्हातारी पाथर्डीकडं, डोंगराच्या कडेला वस्तीवर एकटीच राहायची. छगनचं घर देवळाली प्रवरात. मोटरसायकलनं तीन तासांची वाट, पण त्याचं पाऊल तिकडं वळत नव्हतं.

घरी गेल्यावर त्याच्या बायकोनं, सवितानं, ताट वाढता वाढता विषय काढलाच.

"रोज दोन मिनिटं बोलून काय हुतंय? शेजारचा गोरक्षनाथ वर्सातनं एकदाच पुण्याहून येतो, पर आईच्या उशाशी चार दिस बसतो. म्हातारी तेवढ्यावर वर्स काढती."

"रोजचं ते रोजचं असतं."

"जेवलीस का, गोळी घेतली का. त्यानं कुनाचं मन भरतंय? तुमी एक दिस जावा. पोटभर बसा तिच्यापाशी."

"तिच्याम्होरं बसायची माजी छाती न्हाई."

सविता भाकरी उलटून म्हणाली, "असं किती दिस चालायचं?"

छगननं ताट बाजूला सारलं. दोन वर्षांचे सगळे फोन एका पारड्यात टाकले, तरी एका दिवसाच्या बसण्याची सर त्यांना यायची नाही, हे त्यालाही कळत होतं. म्हातारीनं इतक्या दिवसांत एकदाही 'कधी येतोस' असं विचारलं नव्हतं. त्याचंच त्याला जास्त लागे.

शनिवारी त्यानं मुकादमाकडून एक दिवसाची सुट्टी घेतली. सवितानं शेंगदाण्याचे लाडू वळून डबा भरला, एक मऊ सुती लुगडं पिशवीत घातलं. छगननं दाढी केली. त्या दिवशी सातला तो घराच्या ओट्यावरच बसला. मागं कसलाच गोंगाट नव्हता.

"आये, जेवलीस का?"

"जेवले."

"आये, उद्या येतो मी. दिवसभर बसतो तुज्यापाशी."

पलीकडं एक करडू ओरडलं.

"नको येऊ," म्हातारी म्हणाली.

"का गं? रागावलीस?"

"राग कशाचा? तू एक दिस येशील, पोटभर बसशील, अन् जाशील. मला रोजचं एवढंच पुरं हाय."

"पर समोरासमोर दोन गोष्टी बोललो असतो."

"त्येच नको." म्हातारीचा आवाज शांत होता. "फोनवरचा तू माजा ल्योक न्हाईस, ह्ये मला पयल्या दिसापासनं ठावं हाय. पर तुजं तोंड बघितलं, लेकरा, तर माजा बजरंग गेल्याचं मला खरं धरावं लागंल."