राइट विंगची जागा

इंद्रजित बारा वर्षं पेठेच्या फुटबॉल संघात राइट विंगला खेळत होता. यंदा त्याच जागेसाठी त्याचा धाकटा भाऊ पृथ्वीही उभा होता. "तीस मीटर पळा," कोच म्हणाले, "जो आधी पोचेल, तो संघात."

पृथ्वीला तयार केलं होतं इंद्रजितनंच. तीन महिने पहाटे कमरेला टायर बांधून पळवलं, पायऱ्यांवर उड्या मारायला लावल्या, पहिल्या तीन पावलांतच सगळा जोर कसा काढायचा ते शिकवलं.

शिट्टी झाली. पृथ्वी सुसाट सुटला. पण निम्म्या वाटेत त्याची पावलं मंदावली आणि इंद्रजित आधी पोचला. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. खाली उतरताच त्यानं भावाकडं पाहिलं. पृथ्वीला धापही लागली नव्हती.

"मुद्दाम थांबलास?"

"नाही दादा, पोटरी धरली." पृथ्वीनं नजर चुकवली.

इंद्रजितनं त्याची पाठ थोपटली आणि तो कोचकडं गेला. "सर, पृथ्वीचं नाव लिहा."

"अरे, जिंकलास की तू!"

"माझ्यासाठी हळू पळावं लागलं त्याला." इंद्रजित तिथंच मातीत बसून बूट काढू लागला.